मामी, उद्या पानाला उशीर करू नकोस

प्रिय मामी,

उद्या पित्रात तुझं पान आहे. तुला मुलगा नाही, म्हणून ते आमच्याच घरी, पोशीरला ठेवतो. तुझी लेक रंजू पहाटे उठेल, तांदळाची खीर करील, वडे तळील, अळूचं फतफतं शिजवील आणि केळीच्या पानावर सगळं वाढून मला शिडीवरून पत्र्यावर चढवील. मग आम्ही दोघं खाली अंगणात उभे राहून कावळ्याची, म्हणजे तुझीच, वाट बघू.

उद्या लवकर ये गं. एवढं एकच सांगायला लिहायला बसलोय.

मागच्या वर्षी तू दुपार केलीस. कावळे आंब्यावर बसून नुसते बघत होते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, पाहुण्यांत थट्टाच झाली, ‘मामी नटतेय अजून’ म्हणून. पण या वर्षी रंजूला साखर निघाली आहे. आणि तू जेवल्याशिवाय ती घास घेणार नाही म्हणते. सकाळपासून चुलीपुढे, पोटात काही नाही! मला भीती वाटतेय, मामी. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? माझ्याकडे लोक जळलेल्या मोटरी घेऊन येतात, भीती घेऊन नाही. आता दुकानात समोर एक पंप उघडा पडलाय, निम्मं वाइंडिंग झालंय, आणि माझे वेढे चुकायला लागले म्हणून हात आवरता घेतला. माझे वेढे! नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, पण ही विद्या कुणाच्या हाताखाली न राहता, जळक्या मोटरी उघडून, तारेचा एकेक वेढा मोजत शिकलो. एक वेढा कमी पडला तरी मोटर तापते, हे मी चारचौघांना छाती काढून सांगतो. ते तुला माहीतच आहे. तू आधी माझी मामी, मग सासू. मी चड्डीत होतो तेव्हापासून तू माझी छाती बघत आलीस.

कसं कळलं ते सांगतो. होळीच्या सुमाराला रंजूच्या टाचेत करवंदीचा काटा मोडला. मीच सुईने काढला. पण जखम भरेना. एका संध्याकाळी तिची टाच हातात घेऊन उजेडाकडे वळवली आणि तशीच धरून बसलो. तुझी टाच अशीच सुरू झाली होती ना? आधी एवढीशी, डाळीएवढी. मग बोट, मग पंजा, मग गुडघ्याखाली काहीच नाही.

दुसऱ्याच दिवशी कर्जतला डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासलं. ते म्हणाले, “साखर आहे. घाबरायचं काही नाही. भात कमी करा, भाज्या आणि कडधान्यं वाढवा, रोज चाला, सकाळी ही गोळी. आणि जेवण वेळेवर, उपाशी अजिबात राहायचं नाही.”

मामी, माणूस सगळं ऐकतो आणि त्यातलं आपल्याला हवं तेवढंच घरी आणतो. मी ‘भात कमी’ एवढंच आणलं. परतताना गाडीवर रंजू मागे बसली होती आणि मला तुझं दहावं दिसत होतं. नदीवर पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. सगळ्यांनी सांगून झालं. घर सांभाळू, शेत विकणार नाही, सगळं. शेवटी मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, “मामी, रंजूला मी तुझ्यासारखं होऊ देणार नाही.” बोलायचा अवकाश, कावळा आला! मी वचन दिलं होतं. आणि माझं काम म्हणजे चोख काम.

म्हणून मी भात बंद केला. कमी नाही, बंद. पंधरा दिवसांनी साखर तपासली तर तेवढीच. मी मशीनवर रागावलो. डॉक्टरांनी विचारलं, “भाताऐवजी काय खातात?” मी ताठ मानेने सांगितलं, “भाकरी.” ते म्हणाले, “कसल्या पिठाची?” आता आपल्याकडे भाकरी कसल्या पिठाची असणार! तांदळाचीच. सकाळी दोन, रात्री दोन. रंजू पदर तोंडाला लावून हसायला लागली. “मी यांना तवाच बोलले, ह्यो भातच हाय, थापून भाजलेला. पण मला कोण इचारतंय?”

मला हसायला हवं होतं. मी हसलो नाही. चूक निघाली की मी जास्तच कडक होतो, हा माझा जुना रोग.

तांब्याची तार तोलायचा काटा दुकानातून घरी आणला. नाचणीचं पीठ काट्यावर, वाल काट्यावर, शेवग्याचा पालासुद्धा काट्यावर. रंजू म्हणायची, “अवो, मी काय भंगार हाय का तोलून ठेवायला?” शेजारच्या चंद्राकाकू कुंपणावरून ओरडायच्या, “रंजे, वसंतानं तुला ताजव्यात घातली गं! आता ईक म्हनावं किलोच्या भावानं!” बायका हसायच्या. मी काट्यावरून नजर काढत नसे.

घरातली साखर वाटून टाकली. गुळाची अख्खी ढेप चंद्राकाकूंना दिली. पाहुणा आला तरी बिनसाखरेचा चहा. तुझ्या लोधिवलीहून तुझा दीर आला होता, एक घोट घेऊन म्हणाला, “जावय, कोणी गेलं का घरात?” तरी मी ऐकलं नाही. कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तुझा पाय गुळानेच गेला.

गूळ तर तुझ्या पदराला कायमचा. लहानपणी सुट्टीत मी लोधिवलीला आलो की तू पदराची गाठ सोडून मला खडा द्यायचीस, तो शेंगदाण्याबरोबर खात मी हायवेच्या कडेला ट्रक बघत बसायचो. पण शेवटची वर्षं तू आमच्याकडे होतीस, साखर होती, इन्शुलिन चालू होतं, तरी गाठ होतीच. मी दोनदा पकडलं तुला. आठवतं? “मामी, हे काय चाललंय?” तर तू काय म्हणालीस? “तोंड सुकलं रं वसंता, इलुसा खडा हाय.” आणि हसलीस. मग मी सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटलो की मामीचा जिभेवर ताबा नाही, औषध काय करणार! तू तेव्हाही हसलीस. का हसलीस गं? दोन शिव्या घालायच्या होत्यास!

लावणीच्या आठवडाभर आधी रंजू साडी वाळत टाकत होती, तेव्हा तिच्या अंगावरच्या पदराला गाठ दिसली. सोडली तर आत गूळ. मामी, मी पेटलो. म्हणालो, “आईवर गेलीस! तिचा पाय गेला तो पुरला नाय का?” गूळ कोंबड्यांपुढे फेकला. तिने साडीला चिमटा लावला आणि आत गेली. मला वाटलं, पटलं तिला.

लावणीच्या दिवशी सकाळी घरच्या मशीनवर साखरेचा आकडा थोडा वर आला होता. म्हणून मी तिची नाचणीची भाकरी मोडली आणि अर्धीच पुढे ठेवली. “आज एवढीच.” तिने गोळी घेतली, अर्धी भाकरी खाल्ली आणि पदर खोचून खाचरात उतरली. शेत आपलं, म्हणून बायकांचा दहाचा चहाही आपल्याच घरचा. बिनसाखरेचा, माझ्या हुकमाने. चंद्राकाकूंनी तो बांधावर ओतून दिला. “औशीद पाजतोय काय रं!”

दुपारची भाकरी मी न्यायची होती. एकाची मोटर तातडीची होती, तिच्यात थोडा गुंतलो. पोचलो तेव्हा बायका रांगेने वाकलेल्या आणि रंजू मध्येच उभी होती. हातात रोपांची जुडी, पण रोवत नव्हती. पावसातही तिच्या कपाळावर घाम दिसत होता. मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं. मामी, तिने मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “आये, मला घरी ने ना.”

मला! आये!

आणि तिथेच चिखलात बसली. हात लटलट कापत होते. चंद्राकाकू ओरडल्या, “ग्वाड द्या कायतरी तिला! कोनाकडं गूळ हाय का?” आणि मी, मी ओरडलो, “गोड नको! साखर हाय तिला! साखर चढलीय!”

मशीन माझ्या खिशात असतंच, पिशवीत गुंडाळून. तिचं चिखलाचं बोट शर्टाला पुसलं, टोचलं, पट्टी लावली. आकडा आला. इतका खाली आकडा मी कधी पाहिला नव्हता. तुला खरं सांगतो, तू आता कुणाला सांगायला जाणार नाहीस म्हणून सांगतो. पहिला क्षण मला बरं वाटलं. इतके महिने मी ज्याच्यामागे होतो तो आकडा खाली आला, असं वाटलं. एक क्षण. मग तिची मान माझ्या खांद्यावर पडली आणि मला कळलं की ही विझत चालली आहे.

घरात गूळ नाही. साखर नाही. सबंध शेतात गोड म्हणून काही नाही. मी ठेवलंच नव्हतं!

पलीकडच्या बांधावर दुसऱ्यांच्या लावणीची किटली दिसली. मी धावलो. दोनदा आपटलो. किटली उचलली, कुणाला विचारलं नाही. चंद्राकाकूंनी तिला बसती धरली होती. ती अजून गिळत होती, म्हणून झाकणातून घोट घोट चहा दिला. गोडमिट्ट चहा, आमच्याकडे करतात तसा. त्या वेळात मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. काकू सांगतात, मी तुला हाका मारत होतो.

थोड्या वेळाने तिने ओठ चाटले. डोळे माझ्यावर आले, आणि या वेळी मीच होतो. म्हणाली, “च्या ग्वाड हाय. कोनी दिला?” मग जरा घाबरून, “आकडा किती आला?”

त्या घाबरण्यानं मला जे झालं ते आकडा बघून झालं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर रागावले. आवाज न चढवता रागावले, ते जास्त लागतं. “ही गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसलं तरी ओढतच राहते. अर्धी भाकरी आणि दिवसभर लावणी? जीव गेला असता.” मग म्हणाले, “जवळ गूळ नाहीतर साखर कायम ठेवायची. थरथर, घाम सुरू झाला की लगेच तोंडात. मग थोड्या वेळाने जेवायचं.”

मी विचारलं, “इन्शुलिन घेणाऱ्यांनाही?”

“त्यांना तर आधी.”

मामी, मी तिथे खुर्चीत बसलो होतो आणि मला तुझा पदर दिसत होता.

तू सांगितलं का नाहीस? मी काही परका होतो? एकदा मला बाजूला घेऊन म्हणायचं, वसंता, गप बस, हा डॉक्टरने सांगितलेला गूळ आहे. तुझ्या हसण्यावरून मी काय समजायचं? आणि खरं सांग, त्यातला थोडा चोरूनही खायचीस की नाही? मला वाटतं, खायचीस. पण आता मला त्याचा हिशेब नको.

तेव्हापासून काट्यावर तोलणं बंद केलं, आणि साखरेची पुडी माझ्या खिशात मशीनबरोबर असते. थोडा भात असतो, वालाचं बिरडं भरपूर, पाला, काकडी, नाचणीची भाकरी. ती भाकरी मी थापायला शिकलोय, स्वतःच. पहिल्या सगळ्या तव्यावर फुटल्या. रंजू म्हणाली, “हिच्यात वेढं कमी पडलं वाटतं.” आकडा बरा येतो. डॉक्टर खूश आहेत. पण काटा आज सकाळपर्यंत घरच्या फळीवरच होता, आणि भीती गेली नाही, दुप्पट झाली. आधी वर जाण्याची होती, आता खाली जाण्याचीही आहे. ती पीठ मळताना मी तिचे हात बघतो. जरा गप्प बसली की विचारतो, “रंजू, तुझं नाव सांग.” ती म्हणते, “तुमच्या सासूची लेक. झालं समाधान?”

आज सकाळी पानाचं बोलणं निघालं. मी म्हणालो, “उद्या उठल्याबरोबर पेज घे.”

“आये जेवल्याबिगर?”

“मग गोळी तरी नंतर घे. मी फोन करून विचारलंय, गोळी जेवणासोबतच घ्यायची.”

“सातला घेनार. येळ तुमीच घालून दिलीय ना? एक दिस इकडंतिकडं झालं, आकडा वर गेला, की फळीवरचा काटा परत खाली.”

“मी काय राक्षस आहे का?”

तेव्हा ती वळली. हातात अळूची पानं होती. म्हणाली, “अवो, आयेनं मला कवाच सांगितलं व्हतं, हात कापाया लागलं की गूळ घालायचा तोंडात. म्हनून गाठ बांधलीवती मी. तुमी ती कोंबड्यांना घातली. त्या दिवशी खाचरात मला सकाळधरनं कसंतरी व्हत व्हतं. बोलले नाय. मी साखरेला भीत नाय. आयेचा पाय धुतलाय मी, सगळं बघितलंय. मी तुमाला भिते.”

आणि पानं चिरायला बसली.

म्हणजे तू लेकीला सांगितलं होतंस. मलाच सांगितलं नाहीस. उठून दुकानात आलो तेव्हापासून याच एका प्रश्नाभोवती फिरतोय. आणि उत्तर मला माहीत आहे. मला काही सांगता येत नाही. मला सगळं आधीच माहीत असतं.

तिचा पाय वाचवायला निघालो आणि तिला अशा जागी आणून ठेवलं, की मरायची वेळ आली तरी ती मला सांगणार नाही. याची भीती मला त्या आकड्यापेक्षा जास्त वाटते, मामी. मशीन बोटातलं रक्त मोजतं. तिच्या मनात काय दडलंय ते मला कोण दाखवणार?

तर ऐक. नदीवर तू वचन घेतल्याशिवाय हलली नव्हतीस. उद्याही तसंच करशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. म्हणून यंदा कावळा अडायची वाट बघत नाही, वचन आधीच देतो.

काटा आज दुकानात परत आलाय, तारेजवळ. आता माझ्या समोरच आहे. तो घरी जाणार नाही. जाताना गुळाची नवी ढेप घेऊन जाईन, चंद्राकाकूंना ती देईन आणि आमची उरली असेल ती परत मागीन. त्या काय बोलतील ते बोलू देत. तुझ्या खिरीत गूळ तुझ्या मापाने पडेल, मी चुलीजवळ फिरकणार नाही. रंजूने त्यातली किती खायची ते रंजू ठरवील. रोज संध्याकाळी तिच्या टाचा मी हातात घेऊन बघीन. आणि मशीनकडे बघायच्या आधी तिला विचारीन, कसं वाटतंय. ती जे सांगेल ते खरं धरीन. आकडा काहीही येवो, माझा आवाज चढणार नाही. चढला तर पुढच्या वर्षीपासून माझ्या घरच्या पानाला शिवू नकोस.

आज घरी गेलो की हे सगळं तिच्यासमोर बोलणार आहे, नुसतं तुझ्याजवळ नाही. आणि तिच्या पदराला गाठ मीच बांधीन. घट्ट नाही. कापत्या हातांनाही सुटेल अशी.

उद्याची गोळी तुझ्या पानानंतर, पहिल्या घासाबरोबर. तेवढं ती ऐकेल असं वाटतं. पण पेज ती घेणार नाही. तू जेवल्याशिवाय ती जेवणार नाही, आणि त्यात तिला मी अडवणार नाही. तेवढं तुमचं माय-लेकींचं आहे.

म्हणून सांगतो मामी, आंब्यावर बसून माझी गंमत बघत राहू नकोस. पान पत्र्यावर ठेवलं की लगेच ये. तुझी लेक खाली उपाशी उभी असेल. तिला जेवण वेळेवर लागतं.

तुझा,
वसंता